अकरावा फर्मा

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी मी अक्षरं शिकायला घेतली. तेव्हा मला अठ्ठावन्नावं लागलं होतं.

लग्नाच्या पत्रिका आमच्याच छापखान्यात छापल्या होत्या. मी तिथे बांधणी खात्यात तोवर चव्वेचाळीस वर्षं काढली होती. घड्या घालणं आणि फर्मे जुळवणं हे माझं काम. पाचशे पत्रिकांच्या घड्या मी हाडाच्या पट्टीनं स्वतः घातल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घरचं कार्य. साडेचारशेवी पत्रिका हातात असताना प्रूफवाल्या बाई चहाचा कप घेऊन शेजारी आल्या. एक पत्रिका उचलून त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली, सवयीनं.

"अगं अक्का, यात तुझं नाव कुठे आहे?"

"असेल की खाली कुठेतरी."

"खाली छापखान्याचं नाव आहे."

छापखान्याचं होतं, हॉलचा पत्ता होता, मुलाचे काका होते, मामा होते, मामांचे व्याही होते. मुलीची एकुलती एक आत्या तेवढी राहून गेली होती. मी उरलेल्या पन्नास पत्रिकांच्या घड्या घातल्या, गठ्ठे बांधले आणि धाकट्याच्या घरी पोचते केले. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत बाईंच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"बाई, मला माझं नाव ओळखता येईल इतपत शिकवा. नसलं तर नाही, एवढं तरी आपलं आपल्याला कळावं."

बाईंनी पाटी-पेन्सिल आणली नाही. छापताना बिघडलेले कागद खोलीच्या कोपऱ्यात पडलेले असत, त्यातलाच एक त्यांनी पसरला. आमच्याकडे मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं छापतात आणि दुसऱ्या बाजूला आठ. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. फर्मे ओळीनं जुळवून शिवले की पुस्तक. पण कागद उघडा असतो तेव्हा त्यावरची निम्मी पानं डोक्यावर उभी असतात, आणि पहिल्या पानाच्या शेजारी सोळावं असतं. त्यामुळे मी सुलटं आणि उलटं एकाच वेळी शिकले. अजूनही बसमध्ये समोरच्याच्या हातातलं पत्र मला सहज वाचता येतं. शाळेत गेले असते तर ही विद्या मिळाली नसती.

दोन वर्षं लागली. धाकट्याला मी कळू दिलं नाही. म्हटलं, पुरतं येऊ दे, मग एक दिवस त्याच्यासमोर वर्तमानपत्र धरून घडाघडा वाचून दाखवू आणि त्याचं तोंड बघू. साठीला आलेल्या बाईनं असले बेत करू नयेत, पण केले.

धाकटा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो पाचाचा होता, मी चौदाची. आईची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. मग मी घड्या घालायला लागले आणि तो शाळेत जायला लागला. तो पुढे कॉलेजात शिकवू लागला, मी घड्या घालत राहिले. याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही. कुणीतरी शहाणं व्हायला हवं होतं, घरात दोघांपुरतं दूध नव्हतं.

मी साठीची झाले त्या वर्षी तो एक जाडजूड बाड काखेत मारून छापखान्यात आला.

"अक्का, कादंबरी लिहिली. इथेच छापायला देतोय. तुझ्या हातून बांधली जावी अशी इच्छा आहे."

"कशाबद्दल आहे?"

"एका मुलाची गोष्ट आहे. तो मोठा कसा होतो त्याची."

"उंचीनं?"

"मनानं, अक्का. जाणिवेनं."

"किती पानांत होतो?"

"अडीचशे."

"लवकर झाला म्हणायचा."

तो हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला वाचता येत नाही याचं वाईट वाटतं बघ. पण तुझे हात तर लागतील." एवढं बोलून तो मालकांना भेटायला गेला. बाईंनी प्रुफावरून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

पुस्तक सोळा फर्म्यांचं होतं. वाचणाऱ्याला वाटतं की पुस्तक पहिल्या पानापासून छापतात. तसं नसतं. ज्या फर्म्याची प्रुफं आधी सुटतील तो आधी मशीनवर चढतो. धाकटा काही प्रकरणं पुन्हा पुन्हा लिहीत होता, त्यामुळे माझ्याकडे सगळ्यांत आधी आला तो चौदावा फर्मा. मी घड्या घालता घालता वाचायला लागले.

चौदाव्या फर्म्यातला मुलगा पूर्ण मोठा झालेला होता. तो कुणावर रागावत नव्हता. सगळ्यांना क्षमा करत होता. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनाही. पाण्याचा पेला हातात घेऊन तो आधी त्याच्याकडे बघे आणि मग हळूहळू पिई. मला तो फार आवडला. मात्र असा माणूस आमच्या घरात कधी वावरल्याचं काही आठवेना.

मग दुसरा फर्मा आला, त्यात तो सात वर्षांचा होता आणि नव्या बुटांसाठी जमिनीवर लोळत होता. तो मात्र मी लगेच ओळखला. ते बूट मीच आणले होते. मग तेरावा, मग पाचवा. मला पोरगं आधी शहाणं भेटलं, मग हट्टी, मग जरा समजूतदार, मग पुन्हा हट्टी. खरं सांगायचं तर माणूस असाच असतो, पण धाकट्यानं ते तसं लिहिलं नव्हतं. तो फर्म्यांचा गुण होता.

मुलाला एक थोरली बहीण होती. ती बांधणी खात्यात कामाला होती आणि तिला वाचता येत नव्हतं. तिला नाव नव्हतं. मुलाला होतं, त्याच्या मित्रांना होतं, मांजराला होतं. पण तिच्याबद्दल जे लिहिलं होतं ते चांगलं होतं. तिच्या हातांना खळीचा वास येई असं लिहिलं होतं, आणि ते खरं आहे.

दहावा फर्मा आला तेव्हा मात्र मला काम थांबवावं लागलं. त्यात बहिणीला टायफॉइड होतो. तिला दवाखान्यात ठेवतात. आणि मुलगा आपली नोकरीची मुलाखत सोडून अकरा दिवस तिच्या उशाशी बसतो. बांधणीच्या निळ्या कापडाची पट्टी फाडून, भिजवून तिच्या कपाळावर ठेवतो. ती सुकली की बदलतो. तिला भात भरवतो, ओठ पुसतो. सोळा पानं मी उभ्यानं वाचली. डोळ्यांतून पाणी आलं ते कागदावर पडू नये म्हणून मागे सरकले, कारण ओला कागद घडीला चालत नाही.

मग मला आठवलं की टायफॉइड झाला होता तो मला, आणि मी त्या खाटेवर होते.

मी तेहतिशीची होते. धाकटा एकदा आला होता. दोन केळी घेऊन. दारात उभा राहिला, कारण दुसऱ्या दिवशी त्याची मुलाखत होती आणि आजार लागला असता तर पंचाईत. म्हणाला, "अक्का, मनानं खंबीर राहा." केळी खुर्चीवर ठेवून गेला. निळ्या कापडाची पट्टी खरी होती. अकरा दिवस खरे होते. उशाशी बसले होते ते आमच्या खात्यातले दोरेवाले.

दोरेवाले फर्मे शिवायचे. सुईत दोरा ओवलेला आणि तोंडात काही नाही, असा माणूस. छापखान्यात मला सगळे अक्का म्हणत, मालकांचे म्हातारे वडीलसुद्धा. दोरेवाले तेवढे म्हणत नसत. काही हवं असलं की म्हणायचे, "ऐकताय का." यावरून पोरीबाळी फिदीफिदी हसत. त्यांनी कधी काही विचारलं नाही, मीही कधी काही सांगितलं नाही. आधी धाकट्याचं शिक्षण होतं, मग त्याचं लग्न होतं, मग आमची वयं झाली.

डब्याच्या सुट्टीत मी दहावा फर्मा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनाही अक्षरं येत नव्हती. म्हणायचे, पुस्तक शिवायचं की वाचायचं, दोन्ही कोण करणार. मी त्यांना वाचून दाखवलं. ते भाकरीचा घास तसाच धरून ऐकत होते. संपल्यावर तो तोंडात घातला.

"बरा पोरगा आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा पट्टी चांगली बदलतो."

"तुम्हाला राग नाही आला?"

"पुस्तकातल्या माणसाचा कसला राग. पण भात भरवला ते खोटं आहे. तुम्हाला तेव्हा भात चालत नव्हता. पेज होती."

मला मात्र, खरं सांगते, रागाच्या आधी आनंद झाला होता. साठ वर्षांनी का होईना, मला हवा तसा भाऊ मिळाला होता. कागदावरचा असला म्हणून काय झालं. मी आयुष्यभर कागदच हाताळले, त्याची किंमत मला ठाऊक होती.

आता राहिला होता एकच, अकरावा. धाकट्यानं तो तीनदा नव्यानं लिहिला होता. बारापासून सोळापर्यंत बहीण कुठेच नव्हती. बाराव्यात मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला जातो आणि म्हणतो की आता घरी वाट बघणारं कुणी नाही. मी बसून हिशोब लावला. बहीण बरी झाली असणार. आणि घरात नाही म्हणजे तिचं लग्न झालं असणार. शहाण्या झालेल्या भावानं पहिली गोष्ट केली असणार ती हीच. मी दोन आठवडे या आनंदात होते. नवरा कोण काढला असेल याचा विचार करायचे. कुणी कारकून नको होता. आपल्याच धंद्यातला असला तर बरं, असं वाटायचं. एकदा दोरेवाल्यांकडे बघताना माझी मलाच लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी अकरावा फर्मा मशीनवरून उतरला. प्रकाशन रविवारी होतं. तोवर पन्नास प्रती तयार करून द्यायच्या होत्या, बाकीच्या नऊशे पन्नास सावकाश. मी पहिला कागद उचलला, तीन घड्या घातल्या आणि टेबलाच्या कडेला टेकून वाचायला लागले.

एकशे अडुसष्टाव्या पानावर मी मेले.

साडेतीन ओळी लागल्या. तापानं फणफणलेल्या बहिणीनं भावाकडे एकदा बघितलं, तिच्या ओठांवर हसू उमटलं आणि मान कलंडली. पुढची आठ पानं मुलगा शहाणा होत होता. तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला आणि त्याला कळलं. काय कळलं ते मी दोनदा वाचूनही मला कळलं नाही, पण त्याला कळलं एवढं नक्की, कारण तिथून उठून तो पाण्याच्या नळापाशी गेला आणि हळूहळू पाणी प्यायला.

मी फर्मा घेऊन बाईंकडे गेले.

"बाई, तुम्ही हे वाचलं होतंत?"

"तीन वेळा. ऱ्हस्व-दीर्घ बघितले."

"मग मला सांगितलं नाहीत."

"ज्याची त्यालाच मेल्याची बातमी कशी द्यायची, अक्का?" बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, पस्तीस वर्षं मी प्रुफं तपासतेय. कुणी मेल्याशिवाय कादंबरीतली पोरं शहाणी होत नाहीत. आई मरते, नाहीतर बहीण, नाहीतर कुत्रा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा."

"ठेच लागली असती तर मी काही म्हटलं नसतं. यानं मला मारूनच टाकलं. कुत्रा पाळायला काय झालं होतं?"

"कुत्र्यानं त्याचं शिक्षण केलं नव्हतं ना."

बाई चेष्टेत म्हणाल्या, पण ते मला जाऊन लागलं. मी परत माझ्या टेबलाशी आले. मला इतका चांगला भाऊ मिळाला, अकरा दिवस उशाशी बसला, आणि पुढल्या सात-आठ पानांत मीच नाही. तो जो पुढे गोड झाला, क्षमाशील झाला, तो मला एक दिवसही वापरायला मिळणार नव्हता. मेल्याशिवाय जर भाऊ शहाणा होणार नसेल तर त्या शहाणपणाचा मला उपयोग काय. मला फार काही नको होतं. त्याच्या पुस्तकात जिवंत राहायचं होतं.

शनिवारी सकाळी मी जुळणीला लागले. लांब टेबलावर सोळा थप्प्या मांडायच्या आणि टेबलाभोवती फिरत प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलायचा, हे काम मी झोपेतही केलं असतं. त्या दिवशी मी पंधराच थप्प्या मांडल्या. अकराव्याचे सगळे फर्मे गोणपाटात गुंडाळून टेबलाखाली सारले आणि त्यावर पाय ठेवून उभी राहिले. शेहेचाळीस वर्षं झाली होती त्या टेबलाशी. एवढ्या काळात मी एकही फर्मा उलटा लावला नव्हता, गाळायचं तर लांबच.

जुळलेलं पुस्तक दोरेवाल्यांकडे गेलं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आधीच्यापेक्षा जराशी खाली. सगळे फर्मे ओळीनं लागले की पाठीवर जिना दिसतो. ज्याला अक्षरं येत नाहीत त्यालाही पायरी चुकलेली दिसते.

"ऐकताय का," दोरेवाले म्हणाले. "दहाव्यानंतर पायरी नाही."

"माहीत आहे."

त्यांनी दुसरी प्रत उचलली, तिसरी उचलली. "पन्नासही?"

"पन्नासही."

त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली. "शिवू?"

"शिवा."

एवढंच बोलणं झालं. दुपारी कव्हरं आली, चिकटवली, कडा कापल्या. मालकांनी येऊन एक प्रत हातात घेतली, कव्हराचा लाल रंग हवा तसा आला आहे याची खात्री केली आणि समाधानानं गेले. आत कोण बघतो.

रविवारी हॉल भरला होता. मी चांगले कपडे घालून दुसऱ्या रांगेत बसले. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला दोरेवाले. प्रमुख पाहुणे मोठे टीकाकार होते. त्यांनी सांगितलं की प्रत त्यांना काल संध्याकाळीच मिळाली, पण हातातून सुटली नाही, एका बैठकीत वाचून काढली. मग त्यांनी ती प्रत वर धरली.

"या कादंबरीचा गाभा आहे बहिणीचा मृत्यू," ते म्हणाले. "ते प्रकरण वाचताना मी अक्षरशः ढसाढसा रडलो. इतका संयत मृत्यू आपल्या साहित्यात क्वचितच आला असेल."

बाईंनी रुमाल तोंडात कोंबला. मी त्यांना कोपर मारलं. माझा मृत्यू मागच्या कव्हरावर मोठ्या टायपात छापलेला होता, तेवढा पाहुण्यांनी वाचला होता. तेवढ्यावर वीस मिनिटं बोलले. माणूस विद्वान होता यात शंका नाही.

मग धाकटा उठला. म्हणाला, सरांनी उल्लेख केलेलं प्रकरणच वाचतो. त्यानं पुस्तक उघडलं, पानं उलटली. एकशे साठ. एकशे सत्त्याहत्तर. मागे गेला, पुढे आला. टेबलावरची दुसरी प्रत घेतली. मग तिसरी. लोकांना वाटलं, उतारा निवडतोय. त्याच्या कपाळावर घाम आला. भर सभेत माझा भाऊ माझं मरण शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं.

त्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत होते. नजर खाली घातली नाही.

मग त्यानं होतं ते वाचायला घेतलं. दहाव्या फर्म्याचं शेवटचं पान, निळ्या पट्टीचं. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या शेजारी गेलं. दोरेवाले मान जरा पुढे काढून मन लावून ऐकत होते. सुट्टीत मी वाचलं होतं तसंच आहे ना, हे ताडून बघत असावेत. धाकटा अडखळला. पुढचं वाक्य त्यानं दोनदा सुरू केलं आणि दोनदा सोडलं. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. त्यानं तो हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि हळूहळू प्यायला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खुर्च्या आवरायला सुरुवात झाली तेव्हा तो माझ्यापाशी आला.

"अक्का, एक फर्मा राहिलाय."

"राहिला नाही. ठेवला."

"कुणी सांगितलं तुला कोणता ते? बाईंनी?"

"वाचून ठेवला."

तो एका खुर्चीवर बसला. हॉलचा माणूस ती खुर्ची न्यायला आला होता, तो थांबून राहिला.

"तुला वाचता येतं? कधीपासून?"

"तुझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेपासून."

खुर्चीवाल्या माणसानं खाकरून बघितलं. धाकटा म्हणाला, "अक्का, त्या फर्म्याशिवाय गोष्ट उभी राहत नाही. तो मुलगा मोठा कसा होणार?"

"तू झालास तसा."

"मी कसा झालो?"

"तेच वाचायला बसले होते मी."

खुर्चीवाल्यानं शेवटी त्याला उठवलंच. मी जाता जाता सांगितलं की फर्मे माझ्या टेबलाखाली आहेत, गोणपाटात. उरलेल्या नऊशे पन्नास प्रतींमध्ये ते लागतील, पण मी लावणार नाही. ज्याला मारायचं आहे त्यानं स्वतः यावं.

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. सोमवारी नऊला तो दारात उभा होता, तसाच, जसा दवाखान्यात उभा राहिला होता. फक्त केळी नव्हती. मी म्हटलं, "आत ये. इथलं काही लागत नाही." मग मी टेबलाभोवती फिरू लागले आणि तो दहाव्या आणि बाराव्या थप्पीच्या मध्ये उभा राहिला. मी दहा फर्मे घेऊन त्याच्यापाशी यायचे, तो अकरावा वर ठेवायचा, मी पुढे जायचे. पहिल्या चाळीस-पन्नास प्रतींना त्याच्या हातून फर्मे वाकडे पडत होते.

"उलटा ठेवलास," मी म्हटलं. "मेलेलं माणूस तरी सुलटं ठेवावं."

त्यानं सुलटा ठेवला. तीन दिवस लागले. नऊशे पन्नास वेळा त्यानं मला स्वतःच्या हातानं मारलं. तीनशेच्या पुढे त्याचा हात बसला आणि तो चांगला भराभर मारू लागला. माणसाला कशाचीही सवय होते. कागदाच्या कडांनी त्याची बोटं चिरली होती. मी त्याला निळ्या कापडाच्या चिंध्या दिल्या, त्या त्यानं गुंडाळल्या.

तिसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत तो दोरेवाल्यांसमोर जाऊन बसला.

"तुम्ही तेव्हा किती दिवस बसला होता?"

"मोजले नाहीत."

"मी अकरा लिहिलेत."

"अकराच होते," दोरेवाले म्हणाले.

धाकट्यानं मान हलवली. मग म्हणाला, "दुसरी आवृत्ती निघाली तर मी बदलतो. तुमचं तुम्हाला देतो. अक्काला जगवतो."

"पेज लिहा," दोरेवाले म्हणाले. "भात नको."

दुसरी आवृत्ती निघाली नाही. पहिल्या हजारच नऊ वर्षं पुरल्या. त्या पन्नास प्रती मात्र प्रकाशनाच्या दिवशीच लोकांनी नेल्या, आणि एकाही माणसानं आजवर तक्रार केलेली नाही. म्हणजे पन्नास घरांत मी बरी झाले की नाही हे कुणालाच माहीत नाही, आणि धाकटा आपोआप शहाणा झालेला आहे.

खरा धाकटा झाला की नाही, ते मी सांगू शकत नाही. दोन वर्षांनी त्याच्या नातीच्या पहिल्या वाढदिवसाचं कार्ड आमच्याकडे छापायला आलं. त्यात माझं नाव सगळ्यांत वर होतं, आणि टायप इतका मोठा की मुलीचे सासू-सासरे रुसून बसले आणि त्यांची समजूत काढायला मलाच जावं लागलं. शहाणपण उशिरा आलं की त्याला माप राहत नाही. कार्डाचा कागद मी घडी घालण्याआधी सुलटा वाचला आणि उलटाही वाचला. दोन्हीकडून बरोबर होतं.

धाकट्याच्या शेवटच्या आजारात मी त्याच्या उशाशी बसले. तो म्हणाला, "अक्का, तू वाच." मी त्या पन्नासातली माझ्यासाठी ठेवलेली एक प्रत नेली होती. दहावा फर्मा वाचून झाला.

"पुढे?" त्यानं विचारलं.

"एकशे सत्त्याहत्तर."

तो हसला, मग खोकला आला. मी पेजेची वाटी पुढे केली. असे नऊ दिवस झाले. अकरा भरले नाहीत.

प्रूफवाल्या बाई पुस्तक निघालं त्याच्या तिसऱ्या वर्षी गेल्या. दोरेवाले त्यानंतर चार वर्षांनी, झोपेत. धाकटा, त्याची नात पाचवीत गेली त्या वर्षी, मार्चच्या नऊ तारखेला सकाळी साडेदहाला गेला. बासष्ट वर्षांचा होता.